वरून तिसरी ओळ

चाकणला कंपनी शोधायला निघालेल्या माणसाने कागदावरच्या पत्त्याच्या नादी लागू नये. कागदावर लिहिलेलं असतं : गट नंबर अमुक, महाळुंगे, तालुका खेड, जिल्हा पुणे, ४१०५०१. यातला एकही शब्द खोटा नाही आणि एकही कामाचा नाही. पिनकोड सगळ्या चाकण परिसराला मिळून एकच. महाळुंगे निदान दोन आहेत. एक चाकणजवळचं महाळुंगे इंगळे, दुसरं बालेवाडीच्या स्टेडियमला खेटून. नुसत्या नावावर विसंबलेला चाळीस फुटी कंटेनर चुकून दुसऱ्यात घुसला, की त्याला उलटा फिरवण्याचा कार्यक्रम बघायला आख्खी सोसायटी बाल्कनीत येते आणि प्रत्येक मजल्यावरून "येऊ द्या, येऊ द्या" सुरू होतं. खेड रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. आपल्या खेड गावाने हुतात्म्याचं नाव घेतलं आणि ते राजगुरुनगर झालं; तालुका मात्र खेडच राहिला. म्हणजे तालुका एका नावाचा, त्याचं मुख्य गाव दुसऱ्या नावाचं.

उरला गट नंबर. तो शेताचा. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, त्यातून पुढे विखुरलेले तुकडे जोडून गट पडले. तेव्हा त्या गटात कांदा होता. आता तिथे प्रेस शॉप आहे, आणि गट नंबर काही शेडच्या पत्र्यावर रंगवलेला नसतो. शिवाय तो प्रत्येक गावात नव्याने एकपासून सुरू होतो, त्यामुळे निघोजेचा अमुक गट आणि कुरुळीचा तोच गट यांचा एकमेकांशी आडनावापुरताही संबंध नाही.

म्हणून जाणता ड्रायव्हर कागद खिशात घालतो आणि टपरीवर विचारतो.

"दादा, ती सीट बनवणारी कंपनी कुठं आली?"

"आधीची का नवीन?"

"नवीन."

"मग सरळ जा. डाव्या हाताला पंप लागंल, तो सोडा. पुढची कमान धरा. आत गेलं की डीपी दिसंल, डीपीच्या मागं निळं शेड. त्याच्या शेजारचं."

कंटेनर बरोबर पोचतो. या आख्ख्या पट्ट्यात माणसं अशीच पोचतात. नाशिक फाट्यावर नाशिक नाही, ते तिथून दोनशेएक किलोमीटरवर आहे. टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण टेल्को रोडला ते अजून कुणी कळवलेलं नाही. पिंपरी-चिंचवडचं प्राधिकरण २०२१ साली विलीन झालं, तरी निगडीतला माणूस आजही ताठ मानेने "आम्ही प्राधिकरणात राहतो" असं सांगतो. केएसबी चौक आणि थरमॅक्स चौक हे तर कंपन्यांच्या नावाने ओळखले जाणारे चौक. उद्या त्या कंपन्या उठून गेल्या तरी रिक्षावाले तिथेच थांबतील.

हे सगळं सांगायचं कारण, याच पट्ट्यात एका एसी ऑफिसात बसून मी दिवसभर यंत्राला पत्ते सांगतो. माझ्या धंद्याला ऑटोमेशन टेस्टिंग म्हणतात. लग्नाच्या पंगतीत कुणी "काय करता?" विचारलं तर मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतो. कारण खरं सांगितलं, की मी असा प्रोग्रॅम लिहितो जो दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम चालतो का ते बघतो, तर समोरचा जिलबी हातात धरून विचारतो, "मग तुमचा प्रोग्रॅम चालतो का ते कोण बघतं?" याचं उत्तर आमच्या ऑफिसातही कुणाकडे नाही.

काम असं. वाहन कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी एक पोर्टल असतं. तुम्ही भोसरीत बसून बुशिंग पाठवली, की त्याची नोंद त्या पोर्टलवर होते. डिस्पॅचची लांबलचक यादी. प्रत्येक ओळीत इनव्हॉइस नंबर, वेंडरचं नाव, पार्ट नंबर, नग, गाडी नंबर, आणि उजव्या टोकाला एक छोटं बटण : गेटपास. माझ्या स्क्रिप्टने एक डिस्पॅच तयार करायचा, यादीत यायचं, आपल्या ओळीसमोरचं बटण दाबायचं आणि गेटपास निघाला का ते बघायचं. माणसाला हे काम सांगितलं तर तो बोट दाखवून "ही बघा" म्हणतो. यंत्राला बोट दाखवता येत नाही. त्याला ओळ कुठली ते शब्दांत सांगावं लागतं, आणि आमच्या व्यवसायातले निम्मे संसार इथेच मोडतात.

कारण पहिला सुचणारा पत्ता असतो : वरून तिसरी ओळ.

का तिसरी? स्क्रिप्ट लिहिली त्या दुपारी ती तिसरी होती म्हणून. संध्याकाळी शेजारच्या टीमने आपले दोन डिस्पॅच घातले, यादी नवं ते वर या नियमाने सरकली, आणि आपली ओळ पाचवी झाली. स्क्रिप्टला याची वार्ताही नाही. ती ठरल्याप्रमाणे तिसऱ्या ओळीवर जाते, कुणा तिसऱ्याच्याच बोल्टचा गेटपास काढते, गेटपास निघाला हे डोळ्यांनी बघते आणि समाधानाने हिरवा रिपोर्ट देते. नापास होणारी टेस्ट परवडते हो. ती निदान ओरडते. चुकीच्या ओळीवर पास होणारी टेस्ट वर्षानुवर्षं हिरवी राहते आणि तिच्या जोरावर लोकांना प्रमोशनं मिळतात.

या दोषाचा काही भाग हत्यारांकडेही जातो. आमचं जुनं हत्यार सेलेनियम. ते २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत, जेसन हगिन्स यांनी केलं. कशासाठी, तर कंपनीच्या अंतर्गत टाइमशीट आणि खर्चाच्या अ‍ॅप्लिकेशनची चाचणी घ्यायला. आमच्या विद्येचा जन्म टाइमशीटपायी झाला हे कळल्यावर मला तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. नावाची कथाही बरी आहे. त्या काळी या धंद्यात मर्क्युरी कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा, असा विनोद हगिन्सनी ईमेलमध्ये केला आणि तोच चिकटला. पुढे २००६ साली जपानच्या शिन्या कासातानींनी फायरफॉक्समध्ये बसणारा रेकॉर्डर दिला. बटण दाबा, तुमच्या हाताने काम करा, यंत्र बघून शिकतं. अगदी शहाण्या पोरासारखं.

शिकतं काय, तर हे : एचटीएमएल, त्यात बॉडी, त्यातला दुसरा डिव्ह, त्यातला पहिला डिव्ह, त्यातला फॉर्म, त्यातलं टेबल, त्यातली टीबॉडी, त्यातली तिसरी ओळ, तिच्यातला सहावा रकाना, त्यातलं बटण. ओळीची सगळी पायवाट पाठ. ओळ कुणाची ते माहीत नाही. पानाच्या वर दिवाळीच्या शुभेच्छांची एक पट्टी जरी कुणी लावली तरी दुसरा डिव्ह तिसरा होतो आणि रात्रभरात सगळ्या टेस्ट लाल. दरवर्षी दिवाळीला आमच्याकडे असा लाल आकाशकंदील लागतो.

हा जो पत्ता लिहिण्याचा प्रकार, त्याला एक्सपाथ म्हणतात. १९९९ च्या नोव्हेंबरात त्याचं पहिलं प्रमाण ठरलं. याची रचना ज्यांनी केली ते एकत्र कुटुंबातले असावेत असा मला दाट संशय आहे. पानावरची प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी कुणाची तरी नातेवाईक. बाप आहे, लेकरं आहेत, पूर्वज आहेत, वंशज आहेत, आधीची भावंडं आणि नंतरची भावंडं आहेत. एकूण तेरा दिशांनी नातं लावता येतं. काका मात्र नाही. काका गाठायचा तर आधी बापाकडे जायचं आणि मग त्याची भावंडं विचारायची, जे प्रत्यक्षातही योग्यच आहे. चुलत भाऊ हवा तर बाप, बापाचा भाऊ, त्याचं लेकरू. सासर मुळीच नाही, कारण हे सगळं एकच झाड आहे आणि झाडात लग्नं लागत नाहीत. आधीच्या भावंडांत पहिला म्हटलं, की घरातला सगळ्यांत थोरला येत नाही. आपल्या लगेच वरचा येतो. ही खोच कळेपर्यंत पुष्कळ माणसं थोरल्याच्या नावाने धाकट्याला हाका मारत बसतात.

आणि या नात्यागोत्यातच खरी सोय आहे. वरून तिसरी ओळ म्हणू नका. म्हणा, ज्या रकान्यात माझा इनव्हॉइस नंबर आहे तो रकाना धर, त्याच्या बापाकडे जा, आणि त्या बापाच्या वंशजांत गेटपास नावाचं बटण असेल ते दाब. ओळ वर जावो, खाली जावो, दिवाळीची पट्टी लागो. बाप बदलत नाही. टपरीवरच्या माणसाने हेच सांगितलं होतं : कमान धरा, डीपीच्या मागचं शेड, त्याच्या शेजारचं. त्याला एक्सपाथ लिहायला बसवलं तर आमच्यातल्या पुष्कळांच्या नोकऱ्या जातील.

खरं तर ओळींच्या क्रमावर विसंबू नका हे १९७० सालीच छापून आलं होतं. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी जो निबंध लिहिला, ज्यावर जगातले बहुतेक डेटाबेस उभे राहिले, त्यात टेबलातल्या ओळींच्या क्रमाला काही अर्थ नाही आणि ओळ ओळखायची ती तिच्या किल्लीवरून, म्हणजे प्रायमरी कीवरून, हे स्पष्ट आहे. क्रम हवा असेल तर मागावा लागतो. न मागता डेटाबेस देईल तो क्रम. गंमत अशी, की न मागताही तो सहा-सहा महिने एकाच क्रमाने ओळी देत राहतो. आपल्याला वाटतं, शिस्त आहे. मग एक दिवस सर्व्हर बदलतात, आणि ती शिस्त नव्हती, केवळ आळस होता, असं ध्यानात येतं.

बरं, ओळी मोजायच्याच म्हटल्या तरी त्या सुखाने मोजू देत नाहीत. एक्सपाथ एकपासून मोजतो, बाकीचा प्रोग्रॅम शून्यापासून. वरची शीर्षकाची ओळ मोजायची की नाही यावर दोन टेस्टर कधीही एकमत होत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ग्रिडमध्ये, ज्याच्यावर इकडची कितीतरी वेंडर पोर्टलं उभी होती, पहिल्या ओळीचा आपोआप पडलेला नंबर शून्य-दोन असे. शून्य-एक हा मान शीर्षकाने आधीच पटकावलेला. शेवटची ओळ घ्यावी तर तिथे "एकूण" बसलेलं. एका स्क्रिप्टने नियमाने शेवटची नोंद रद्द करायची ठरवली होती. ती "एकूण" रद्द करायला रोज रात्री जायची, बटण सापडायचं नाही, आणि सकाळी रिपोर्टात लिहून ठेवायची की नोंद रद्द होऊ शकत नाही. त्यावर डेव्हलपरने तीन दिवस घालवले. एकूण कोण रद्द करणार?

तर क्रम सोडा, मजकुरावरून शोधा, हे आता सगळे शिकलेत. आणि इथून आमच्या पट्ट्याची खरी मजा सुरू होते. कारण इथला मजकूर.

एकीकडे चिंचवडला मोरया गोसावींची समाधी, एकीकडे देहू, एकीकडे आळंदी. मध्ये भोसरीची एमआयडीसी. वेंडर मास्टर उघडला तर वारीत आल्यासारखं वाटतं. मोरया किती, माउली किती, ज्ञानेश्वरी, इंद्रायणी, भैरवनाथ, आणि साई तर मोजू नयेत : साईकृपा, साईनाथ, ओम साई, श्री साई, न्यू श्री साई. पुढे इंजिनिअरिंग हा शब्द प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेनुसार लिहिलेला. एका नव्या मुलाने स्क्रिप्टला सांगितलं, ज्या ओळीत ओम आहे ती दे. पोर्टल इंग्रजीत, सगळं मोठ्या अक्षरांत. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांपुढे आणा : कंपनीत ओ आणि एम शेजारी, कॉम्पोनंटमध्ये शेजारी, ऑटोमोटिव्हमध्ये शेजारी. यंत्राने नम्रपणे जवळजवळ संपूर्ण यादी त्याच्या पायाशी आणून ठेवली. चराचरात ओम भरलेला आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. पडताळा असा ऑफिसात मिळेल असं वाटलं नव्हतं.

आकड्यांचंही तेच. एका मुलीला नग २७ असलेली ओळ हवी होती. तिने लिहिलं, ज्या ओळीत २७ आहे ती. आता जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा आणि महाराष्ट्रातला प्रत्येक २७ ने सुरू होणारा. आले सगळे. त्यात एका वेंडरचा पत्ता सेक्टर २७, प्राधिकरण. या सेक्टरांवर वेगळा लेख होईल, कारण तिथे २७ च्या जोडीला २७-अ आहे, आणि ७ किंवा १० शोधत निगडीत फिराल तर दिवस जाईल; ते भोसरीकडे आहेत. असो. २७ सोडून तिने १४ धरला. पिंपरी-चिंचवडच्या आरटीओचा नंबर एमएच-१४. आता प्रत्येक टेम्पो आला. शेवटी ती म्हणाली, "सर, या यादीत कुणाला एकटं गाठताच येत नाही." मी म्हटलं, "रकान्याचं नाव घेऊन विचार. कॉलम नग, किंमत बरोब्बर २७, कमी नाही जास्त नाही." नुसतं "आहे का" विचारलं की पार्ट नंबर ४५१० च्या चौकशीला १४५१० आणि ४५१०२ हेही हात वर करतात.

मग इनव्हॉइस नंबरच धरावा, तो तरी एकच असेल? वर्षभर असतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे इनव्हॉइसचा नंबर सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असला पाहिजे. वर्षापुरता. म्हणून १ एप्रिलला भोसरीपासून चाकणपर्यंत पुष्कळ वेंडर नव्या उमेदीने ००१ पासून सुरुवात करतात. टेस्टच्या यादीत गेल्या वर्षीचे ००१ आधीच बसलेले. ३१ मार्चच्या रात्री हिरव्यागार असलेल्या टेस्ट १ एप्रिलला सकाळी एकेका नंबराला पाच-पाच ओळी सापडल्याची तक्रार करतात, आणि मॅनेजर तारीख बघून पहिल्या ईमेलवर विश्वासच ठेवत नाही.

यावर तोडगा आहे आणि तो तलाठ्याकडून शिकण्यासारखा आहे. नुसता गट नंबर सांगितला तर तलाठी वर बघतसुद्धा नाही. आधी गाव. सातबाराच्या वेबसाइटवरही तसंच : आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गट. गट एकटा काही सांगत नाही, गावासकट सांगितला की एकच जमीन. इनव्हॉइसचंही असंच : वेंडरचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, आणि मग इनव्हॉइस नंबर. सरकारने ई-इनव्हॉइसला जो आयआरएन दिला तो याच गोष्टी आणि कागदाचा प्रकार यांचा काढा आहे, चौसष्ट अक्षरांचा. अचूक आहे, एकमेव आहे, आणि फोनवर वाचून दाखवायला घेतला तर जेवणाची सुट्टी संपते.

एक्सेलबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे, कारण माझा रक्तदाब बघणारे डॉक्टर तसं म्हणतात. वेंडर यादी एक्सेलमधून चढवतो. पार्ट नंबरच्या पुढची शून्यं एक्सेल खातं. ई-वे बिलाचा बारा आकडी नंबर ते अमुक पॉइंट अमुक ई अकरा असा गाळीव करून दाखवतं. आणि कुठून तरी चिकटवलेल्या नावाच्या शेवटी एक अशी मोकळी जागा येते जी दिसते मोकळी पण असते भरलेली. साध्या जागा झटकणारी एक्सपाथची केरसुणी तिला हातही लावत नाही. दोन नावं डोळ्यांना जुळी, यंत्राच्या लेखी परकी.

पण समजा किल्ली बरोबर, नाव स्वच्छ, सगळं जमलं. तरी ओळ सापडेलच असं नाही. हल्लीच्या ग्रिडमध्ये हजार नोंदी असल्या तरी पानावर प्रत्यक्षात वीस-पंचवीसच ओळी असतात. तुम्ही खाली सरकलात की त्याच ओळी नवे कपडे घालून पुन्हा येतात. माणसाला कळत नाही, त्याला हजार दिसल्यासारखं वाटतं. यंत्र मात्र पक्कं चार्वाकपंथी. समोर दिसत नाही म्हणजे नाही. तुमचा डिस्पॅच चाळिसावा असेल तर ते शपथेवर सांगतं की असा डिस्पॅच या जगात झालेलाच नाही. त्याला आधी सरकायला शिकवावं लागतं, किंवा वरच्या फिल्टरच्या खिडकीत नंबर टाकून यादीच एका ओळीवर आणावी लागते. मी दुसऱ्या मार्गाचा. ज्या यादीला फिल्टर आहे तिच्यात उगाच हिंडू नये.

याहून वाईट म्हणजे सापडलेली ओळ हातून जाणं. स्क्रिप्टने ओळ धरली, बटणाकडे हात नेला, तेवढ्यात पानाने स्वतःला ताजं करून घेतलं. ओळ पुन्हा तिथेच आली. तोच नंबर, तेच नाव, तेच बटण. पण यंत्र म्हणतं ही ती नव्हे, मी धरली होती ती गेली. पुण्याने एके काळी सदाशिवरावभाऊंचा तोतया पाहिला. इथे उलट, साक्षात भाऊसाहेब समोर उभे आणि यंत्र त्यांना तोतया ठरवतंय. या दुखण्याचं इंग्रजी नाव बरंच लांब आहे, स्टेल एलिमेंट रेफरन्स एक्सेप्शन. आमच्या ऑफिसात नुसतं "शिळं झालं" म्हणतात. शिळं झालं की पुन्हा ताजं शोधायचं, हेच औषध. प्लेराइटसारखी २०२० नंतरची हत्यारं शहाणी. ती ओळ धरून ठेवत नाहीत, पत्ता धरून ठेवतात आणि दर वेळी नव्याने जाऊन दार वाजवतात.

मध्यंतरी या पोर्टलचे खरे वापरकर्ते बघावेत म्हणून आम्हाला चाकणच्या एका प्लांटला पाठवलं. तळेगाव चौकात इतका वेळ उभे होतो की शेजारचा संग्रामदुर्ग आठवला. १६६० साली शाइस्तेखान या किल्ल्याखाली जवळजवळ दोन महिने अडकून पडला होता, आणि आत फिरंगोजी नरसाळा तो लढवत होते. खानाबद्दल मला शाळेत कधी सहानुभूती वाटली नव्हती. त्या दिवशी गाडीत सगळ्यांना थोडी वाटली.

स्टोअरमध्ये एक काका पोर्टलवर बसले होते. चष्मा कपाळावर, यादी पडद्यावर, आणि हात सटासट बटणांवर. मी विचारलं, "काका, एवढ्या यादीत तुम्हाला बरोबर ओळ सापडते कशी?"

"शोधतो कुठं?" काका म्हणाले. "गाडीवाला समोर उभा आहे ना. त्याला विचारतो, काय आणलंस. चलन बघतो. नंबर टाकतो. ओळ वर असू दे नाहीतर खाली, मला काय तिच्याशी सोयरीक करायचीय?"

"पण कधी तिसरी, कधी दहावी..."

"साहेब, तिसरी-दहावी शाळेत असते."

आत लाइन चालू होती. एकामागे एक गाड्या, पण दोन गाड्या सारख्या नाहीत. एकीला पांढरा रंग आणि साधी सीट, पुढचीला काळा रंग आणि भारी सीट. सीटवाला आपल्या सीटा गाड्यांच्या क्रमानेच लावून पाठवतो. तरीही लाइनवरचा पोरगा "तिसरी गाडी आहे, तिसरी सीट लावा" असं करत नाही. तो आधी दोन्हींवरचा बारकोड बीप करतो. मध्ये एखादी गाडी लाइनमधून बाजूला काढली असेल, क्रम एकाने सरकला असेल, तर बीपवरून तिथेच कळतं. प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा चेसिस नंबर. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, का तर एक आणि शून्याशी घोळ नको. लोखंडावर ठोकलेला नंबर. रंग बदला, मालक बदला, गाडी नागपूरला न्या, नंबर तोच. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. या पट्ट्यात गाडीची, जमिनीची आणि बोल्टच्या पेटीची ओळख पटवायची इतकी पक्की रीत आहे, आणि त्या सगळ्यांचा हिशेब ठेवणारं जे पोर्टल, त्याची परीक्षा घेणारे आम्ही मात्र वरून तिसरी ओळ धरून बसलेलो.

परत आल्यावर मी डेव्हलपरकडे गेलो. मुलगा हुशार. हेडफोन एका कानावरून काढून ऐकतो, म्हणजे आदर आहे. त्याला म्हटलं, "अरे, प्रत्येक ओळीला एक कायमची ओळख दे. लपलेली असू दे, वापरणाऱ्याला दिसायला नको. पण ओळ कुठंही गेली तरी मला सापडली पाहिजे."

"टेस्ट-आयडी ना सर? करतो की. पुढच्या स्प्रिंटला."

आमच्याकडे पुढची स्प्रिंट ही उद्यासारखी असते. येते, पण आली की तिचं नाव आज पडलेलं असतं. मी पाठपुरावा केला. त्याच्या लीड मॅडमना भेटलो. मॅडमनी विचारलं, "याचा बिझनेसला फायदा काय?" मी गेटपास, बोल्ट आणि चुकून पास होणाऱ्या टेस्टबद्दल बोललो, त्यांनी "इंटरेस्टिंग" लिहून घेतलं. मग चहा झाले. मग तो मुलगा त्याच्या बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेला. परत आला तेव्हा पेढे होते आणि काम नव्हतं.

शेवटी एका शुक्रवारी नवा बिल्ड आला. मी पान उघडलं, आतली रचना पाहिली. खरोखरच प्रत्येक ओळीला ओळख होती. पहिल्या ओळीला रो-१. तिच्याखाली रो-२. तिच्याखाली रो-३.

मी यादी नगांच्या क्रमाने लावून पाहिली. सगळ्या ओळी उलट्यापालट्या झाल्या. रो-१, रो-२ आणि रो-३ जागचे हलले नाहीत.

उठून त्याच्याकडे गेलो. त्याने दोन्ही हेडफोन काढले.

"काय झालं सर? युनिक मागितला होतात ना? आहे की युनिक. एका पानावर दोन रो-३ दाखवा, वडापाव माझ्याकडून."